ॲप तपासणाऱ्या बाराजणी

मोबाईलवरची ॲप आपण सगळ्याच वापरतो. पण ॲप बाजारात येण्याआधी ते तपासायला माणसं लागतात आणि ते काम आपल्यासारख्या बायकाही करू शकतात. आज त्याबद्दल बोलणार आहोत.

नवा मसाला विक्रीला काढण्याआधी आपण चार घरी पुड्या देतो, मीठ-तिखट बरोबर आहे का विचारतो. ॲपवाले तेच करतात. आधी त्यांच्याच कचेरीत तपासतात, त्या आवृत्तीला अल्फा म्हणतात. मग बाहेरच्या माणसांच्या हातात देतात, ती बीटा. ग्रीक लिपीतली ही पहिली दोन अक्षरं, बाकी त्यात काही गूढ नाही. जीमेल २००४ साली आलं आणि २००९ सालापर्यंत त्याच्या नावाखाली ‘बीटा’ लिहिलेलं होतं. पाच वर्षं जग कच्चंच जीमेल वापरत होतं म्हणायचं!

प्ले स्टोअरवर एखाद्या ॲपच्या पानावर खाली खाली गेलं की कधी कधी बीटात सामील होण्याचं बटण दिसतं. ही खुली चाचणी, कुणीही यावं. व्हॉट्सॲपसारख्या मोठ्या ॲपच्या जागा बहुतेक वेळा भरलेल्या असतात, त्यामुळे तिथे नंबर लागला नाही तर वाईट वाटून घेऊ नका. दुसरी असते बंद चाचणी. ज्यांचे ईमेल पत्ते ॲपवाल्याने यादीत घातले, त्यांनाच ती मिळते.

आम्ही आलो ते या दुसऱ्या वाटेने. दोन तरुण मुलं बचत गटाचा हिशेब ठेवणारं ॲप बनवत होती. गूगलचा नियम असा, की वैयक्तिक खातं १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं असेल तर ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत राहायला हवं. आधी हा आकडा २० होता, २०२४च्या डिसेंबरात १२ केला. मुलांना १२ माणसं मिळेनात. आमच्या एका गटातच १४ बायका, म्हटलं हा काय प्रश्न आहे?

प्रश्न होता. स्वतःचा स्मार्टफोन असलेल्या नऊच निघाल्या. त्यातल्या काहींचं जीमेल खातं मोबाईल दुकानदाराने काढून दिलेलं, पासवर्ड त्याला माहीत. दोघींच्या फोनमध्ये खातं नवऱ्याचं. आणि ज्या पत्त्यावर बोलावणं येतं, त्याच खात्याने प्ले स्टोअर उघडावं लागतं, नाहीतर लिंक दाबून ॲप सापडतच नाही. पहिले तीन दिवस आमचे खाती नीट करण्यातच गेले. शेजारच्या गटातल्या तिघी घेतल्या तेव्हा १२ भरल्या. मध्येच कुणी नाव काढून घेतलं तर मोजणी बिघडते, म्हणून आधीच सगळ्यांकडून हो म्हणवून घेतलं.

आता गंमत ऐका. ॲपमधलं मराठी यंत्राने केलेलं होतं. कर्जाच्या पानावर लिहिलेलं ‘स्वारस्य’. कुणाला कशात स्वारस्य आहे ते कळेना. ते होतं व्याज! शिल्लकेला ‘संतुलन’ म्हटलेलं. नोंद जतन करण्याच्या बटणावर ‘बचत करा’ असं होतं. एक आजी ते बटण दाबायलाच तयार नव्हत्या. म्हणाल्या, या महिन्याची बचत मी दिलीय, पुन्हा कशाला पैसे जातील? त्यांचं काय चुकलं?

यापेक्षा मोठी गडबड हिशेबात सापडली. आपल्या गटात व्याज महिन्याला शेकडा २. म्हणजे १०,००० कर्जावर पहिल्या महिन्याला २००, आणि मुद्दलातले १,००० फेडले की पुढच्या महिन्याला ९,००० वर १८०. ॲपने दाखवले १६ रुपये ६७ पैसे. मुलांनी तो दर वर्षाचा धरला होता. सचिवबाईंनी तोंडी हिशेब करून ते दोन मिनिटांत पकडलं. फोनवर अक्षरं मोठी करून ठेवली की खालचं बटण पडद्याबाहेर जायचं, हे आजींनीच दाखवलं. रेंज नसताना केलेली नोंद गायब व्हायची, ते तर आमच्या बैठकीच्या जागी रोजच घडलं.

शेवटची तक्रार आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. एका मोबाईल नंबरवर ॲप एकच सभासद घ्यायचं. सासू-सुना एकाच गटात आणि घरात फोन एक. मग सासूबाई सभासद नाहीत का? ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांचेच पैसे हिशेबातून सुटायचे. मुलांनी भाषा सुधारली, व्याज सुधारलं, पण नंबरची अट अजून तशीच आहे. आम्ही त्यांना सांगितलंय, हे होत नाही तोवर ग्रामसंघात या ॲपची शिफारस करणार नाही.

तक्रार कळवताना नुसतं ‘चालत नाही’ म्हणून उपयोग नाही. कोणता फोन, कोणतं बटण दाबलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढं सांगा. आवाज कमी करण्याचं आणि फोन बंद करण्याचं बटण एकदम दाबलं की बहुतेक फोनमध्ये पडद्याचा फोटो निघतो, तो जोडा. प्ले स्टोअरवर बीटावाल्यांचा अभिप्राय फक्त ॲपवाल्याला दिसतो, तेव्हा बिनधास्त लिहा.

काही गोष्टी मात्र पक्क्या. चाचणीत खरी नावं आणि खाते क्रमांक घालायचे नाहीत. आम्ही सभासदांना भाज्यांची नावं दिली होती. दोडकाबाईंचा हप्ता थकला यावर बैठकीत फार हसलो. खरा हिशेब वहीतच ठेवायचा. ज्या फोनवरून पैशांचे व्यवहार होतात, त्यावर पैशाच्या ॲपची बीटा घ्यायची नाही. हिशेबाचं ॲप तुमचे मेसेज वाचायची परवानगी मागत असेल तर नाही म्हणा, ओटीपी तिथेच येतो. व्हॉट्सॲपवर कुणी फाईल पाठवून ‘हे टाका, तपासा’ म्हणालं तर टाकू नका. प्ले स्टोअरवरूनच घ्या. आणि ‘ॲप तपासा, रोज हजार कमवा, आधी थोडे पैसे भरा’ असं म्हणणारा चोर समजा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. आम्हाला या कामाचे पैसे मिळाले नाहीत, तसं आधीच ठरलं होतं.

कंटाळा आला तर बाहेर पडणं सोपं आहे. ॲपच्या त्याच पानावर बीटा सोडण्याचं बटण असतं. बंद चाचणी असेल तर आलेल्या लिंकवरच ते मिळतं. ते दाबून ॲप काढून टाका आणि नेहमीचं पुन्हा घ्या. काढण्याआधी त्यातलं काही लागणार असेल तर वहीत उतरवून ठेवा, कारण ॲप काढलं की आतल्या नोंदीही जाऊ शकतात.