घरची कॉफी



कॉफी कडू झाली की आपण साखर वाढवतो. दोष साखरेचा नसतोच. एक तर पुड्याचा असतो, नाहीतर पातेल्याचा.

आधी पुडा. त्यावरची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचा. चिकोरी किती टक्के, हे छापावेच लागते, आणि ती ४९ टक्क्यांपर्यंत चालते. चिकोरी म्हणजे एका रोपाचे भाजलेले मूळ. वाईट नव्हे, रंग येतो, दाटपणा येतो. पण कॉफीच्या भावाने मूळ का घ्यावे? समोर दळून देणाऱ्या दुकानातून आठवड्यापुरती १०० ग्रॅम आणावी व घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. दळलेल्या कॉफीचा वास फार लवकर उडतो.

आता पातेले. आपण दूध, साखर, पूड सगळे एकत्र खदखदवतो. चहाला ते मानवते, कॉफीला नाही, कडवटपणा उतरतो. हे आपल्या दाक्षिणात्य शेजारणींकडून शिकावे. फिल्टरच्या वरच्या भांड्यात ३ चमचे पूड हलकी दाबून घालायची, वर उकळून मिनिटभर खाली उतरवलेले पाणी, आणि १५-२० मिनिटे हात लावायचा नाही! फिल्टर नसला तर पूड गरम पाण्यात ४ मिनिटे झाकून ठेवा नि फडक्याने गाळा. दूध वेगळे तापवा.

जायफळ मात्र आपले. ते सोडू नका. अगदी शेवटी, चिमूटभर, किसून.

आणखी एक. पहिला दाट अर्क पाहुण्यांना आणि दुसऱ्या पाण्याचा पातळ आपल्याला, ही वाटणी मला मान्य नाही. पूड घालतानाच एक चमचा जास्त घाला.