फळीवरची फळी



नभोवाणीच्या बाल्यावस्थेंतील एका गोष्टीनें प्रारंभ करतों. त्या काळीं घरच्याघरीं ग्राहकयंत्र जुळविणारे हौशी लोक स्वयंपाकघरांतील पाव कापण्याची लांकडी फळी उचलून आणीत, तिच्यावर खिळे ठोकीत आणि त्या खिळ्यांना तारा गुंडाळून आपलें यंत्र सिद्ध करीत. त्या फळीचें इंग्रजी नांव ब्रेडबोर्ड. आज तिच्यांतील पाव गेला, लांकूड गेलें, खिळेहि गेले. परंतु बारीक छिद्रें असलेल्या ज्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या फळीवर विद्यार्थी विजेचे प्रयोग करतात, तिला तें नांव अद्यापि चिकटून आहे. या फळीवर कोठवर विसंबावें आणि तिची साथ केव्हां सोडावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम ज्या यंत्राभोंवतीं ही सारी जुळणी होते त्याची ओळख करून देतों. इटलींतील इव्रेआ या गांवीं रचनाशास्त्र शिकविणारी एक संस्था होती. विद्युत्शास्त्राचें शिक्षण नसलेल्या विद्यार्थ्यांनाहि वापरतां यावा असा स्वस्त यंत्रमेंदु तेथें २००५ सालीं मास्सिमो बांझी व त्यांचे सहकारी यांनीं तयार केला. त्याला त्यांनीं आर्डुइनो हें नांव दिलें. हें नांव गांवांतील एका पानगृहाचें. आणि त्या पानगृहाला तें मिळालें अकराव्या शतकाच्या आरंभीं इटलीच्या गादीवर बसलेल्या एका राजावरून. या कुळांतील सर्वांत प्रसिद्ध फळी ‘उनो’ ही २०१० सालीं निघाली. तळहातावर मावणाऱ्या या फळीच्या मेंदूचे ठोके सेकंदास एक कोटी साठ लक्ष पडतात. आज्ञा सांठविण्यास ३२ किलोबाइट आणि चालू हिशेबास अवघी २ किलोबाइट स्मृति आहे. बाहेरच्या जगाशीं बोलण्यासाठीं तिला १४ अंकीय व ६ सदृश अशा २० वाटा आहेत.

या फळीच्या दोन्ही कडांना छिद्रांच्या रांगा असून त्यांत नेमकी बसेल अशी दुसरी फळी वरून दाबून बसवितां येते. तिला शील्ड, म्हणजे ढाल, म्हणतात. नांव ढालीचें असलें तरी ती खालच्या फळीचें कसलेंहि रक्षण करीत नाहीं, हें प्रथमच ध्यानांत ठेवावें. कांहीं ढाली एकाच कामासाठीं तयार मिळतात; परंतु मला सांगावयाचें आहे तें कोऱ्या ढालीविषयीं. तिच्यावर छिद्रांचें मोकळें मैदान, वीज व भूमि यांच्या दोन पट्ट्या आणि बहुधा एक पुनरारंभाची कळ एवढेंच असतें. बाकीचें आपण मांडावयाचें आणि डाख देऊन पक्कें करावयाचें.

डाख देण्याचा हा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. मीहि तसें म्हणत असें. माझें मत कसें बदललें तें सांगतों.

निफाड तालुक्यांत माझे एक मामेभाऊ आहेत. त्यांच्या कांद्याच्या चाळींतील हवेचा ओलावा मोजणारें यंत्र मीं त्यांना करून दिलें. कांदा टिकावयाचा तर ओलावा साधारण ६५ ते ७० टक्क्यांच्या आसपास असावा लागतो. तो वाढला कीं कांदा सडूं लागतो. मीं पांढऱ्या फळीवर ओलावामापक बसविला, शेजारीं आंकडे दाखविणारा पडदा जोडला, आणि घरीं दोन दिवस सारें बिनचूक चाललेलें पाहून तें यंत्र चाळींत टांगून आलों.

पुढें अवकाळी पाऊस आला. भावांनीं चाळीच्या बाजूंच्या ताडपत्र्या सोडल्या. पाऊस थांबल्यावर त्या वर घ्यावयाच्या कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं त्यांनीं पडदा पाहिला. आंकडा ६६. दुसऱ्या दिवशींहि ६६. चौथ्या दिवशीं वास आला तेव्हां खालच्या थरांतील दहा-बारा क्विंटल कांदा गेलेला होता.

मीं जाऊन पाहिलें. मापकाच्या संदेशवाहक तारेस १० हजार ओहमच्या रोधकाची जोड लागते. त्या रोधकाचा एक पाय छिद्रांतून केसभर वर आला होता. चाळीलगत ट्रॅक्टर जात असे, त्याच्या हादऱ्यांनीं तो सैल झाला असावा. वाचन येईनासें झालें. आणि वाचन न आल्यास जुनाच आंकडा पडद्यावर ठेवावा अशी आज्ञा मीच माझ्या आळसानें लिहिली होती. भाऊ एवढेंच म्हणाले, “दादा, यंत्र बंद पडलें असतें तर मी नाकावर भरंवसा ठेवला असता. तें चालूं दिसत होतें, म्हणून फसलों.”

त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. पांढऱ्या फळीतील स्प्रिंगसारख्या पात्या तारेला केवळ चिमटींत धरतात. विचार करतांना हें सोयीचें असतें, कारण चूक उपटून काढतां येते. परंतु ज्या चिमटींतून चूक सहज निघते, तिच्यांतून बरोबर बसविलेली तारहि सहज निघते. म्हणून मीं तीच मांडणी कोऱ्या ढालीवर नव्यानें केली. त्या कामांत शिकलेल्या चार गोष्टी सांगतों.

पहिली गोष्ट मापाची. विजेच्या सुट्या भागांचे पाय इंचाच्या दहाव्या भागाच्या अंतरानें असतात. उनोवर मात्र सातव्या व आठव्या वाटेमधील अंतर इंचाच्या सोळा शतांशांचें आहे. हा दोष आरंभींच्या फळींतच राहिला, आणि जुन्या ढाली निरुपयोगी होऊं नयेत म्हणून पुढेंहि तसाच जपला गेला. बाजारांतील साधी छिद्रफळी त्यामुळें येथें सरळ बसत नाहीं. कोरी ढाल त्या अंतराचा हिशेब ठेवूनच केलेली असते.

दुसरी गोष्ट वाटांच्या वाटणीची. शून्य व एक या वाटा संगणकाशीं संभाषणासाठीं लागतात, त्या मोकळ्या ठेवाव्या. सदृश वाटांपैकीं चौथी व पांचवी मीं पडद्याला दिली, दुसरी अंकीय वाट मापकाला आणि सातवी तांबड्या दिव्याला. डाख देण्यापूर्वीं ही वाटणी कागदावर लिहावी. कारण डाख दिल्यावर विचार बदलणें महाग पडतें.

तिसरी गोष्ट ढालीच्या पोटाची. खालच्या फळीवरील यू. एस. बी.च्या तोंडाची पेटी धातूची असते. ढालीखालचें डाखाचें एखादें टोंक तिला टेकलें तर वीज भलत्या मार्गानें जाते. टोंकें कापून बसकीं करावीं आणि पेटीवर विद्युत्-रोधक पट्टी चिकटवावी.

चौथी गोष्ट प्रवाहाची. पांच व्होल्टांपैकीं सुमारें दोन तांबडा दिवा घेतो. उरलेल्या तिहींसाठीं २२० ओहमचा रोधक लावला कीं प्रवाह १४ मिलिअँपिअरच्या आंत राहतो. जुन्या उनोची वाट २० मिलिअँपिअर सुखानें सोसते. परंतु २०२३ सालीं निघालेल्या ‘उनो आर् ४’ या फळीच्या वाटेची मर्यादा ८ मिलिअँपिअरच आहे. तेथें ४७० ओहम घ्यावे. वरची ढाल दोहोंवर सारखीच बसते. पण जी बसते ती मानवतेच असें नाहीं.

शेवटीं आज्ञाहि बदलली. मिनिटभर वाचन आलें नाहीं तर आंकडा पुसला जावा व तांबडा दिवा लागावा, अशी ती आतां आहे. यंत्र भावांच्या हातीं देण्यापूर्वीं त्यांच्यासमक्ष मीं मापकाची तार मुद्दाम उपटली. मिनिट संपलें, आंकडा गेला, दिवा लागला. मग त्यांनीं ती तार स्वतः जोडली, पुन्हां उपटली, पुन्हां मिनिटभर वाट पाहिली, आणि मगच यंत्र चाळींत नेलें.

गेलेला कांदा त्यानें परत आला नाहीं. परंतु जें यंत्र दुसऱ्याच्या अन्नावर देखरेख ठेवणार, त्याचे सांधे पक्के असले पाहिजेत, आणि एखादा सांधा निखळलाच तर तसें कबूल करण्याची बुद्धि त्याला दिलेली असली पाहिजे, एवढें मीं त्या चाळींत शिकलों. आपल्यापैकीं जे तरुण श्रोते अशीं यंत्रें जुळवीत असतील, त्यांनीं प्रयोग खुशाल पांढऱ्या फळीवर करावा. परंतु तें दुसऱ्याच्या दारीं टांगण्यापूर्वीं एक तार स्वतःच्या हातानें उपटून पाहावी.