सामरीचं मुंडकं
(वस्तीतल्या वाचनालयात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलायला बोलावलं तेव्हा वाटलं कवितेवर बोलायचं असेल. तर म्हणाले, नाही, तू डॉकात जेवणाच्या सुट्टीत पोरांना भुताच्या पिक्चरच्या स्टोऱ्या सांगतोस ना, त्याच्यावर बोल. मागं बसलेले दोघंतिघं आत्ताच हसले. हसा. ज्या पिक्चरला शहाणी माणसं नाक मुरडतात आणि गोण्या उचलणारी माणसं पैसे मोजून जातात, त्याच्याबद्दल बोलायची मला लाज वाटत नाही. मी दहावी पास. आमच्या खानदानात समीक्षा कुणी केली नाही. जे डोळ्यानं बघितलं ते सांगतो.

रामसे बंधूंचे पिक्चर. ‘दो गज जमीन के नीचे’ १९७२ चा, ‘पुराना मंदिर’ १९८४ चा, ‘वीराना’ १९८८ चा. माझा जन्म व्हायच्या आधीचा सगळा माल. पण माझ्या बापानं ‘पुराना मंदिर’ सोळाव्या वर्षी थेटरात बघितला, खालच्या वर्गात, आणि मी तो नऊ-दहा वर्षांचा असताना भाड्याच्या सीडीवर. आज तो डॉकातल्या पोरांच्या मोबाईलवर आहे. पिक्चर दोन पिढ्या टिकला. टीकाकार टिकले का, ते तुम्ही बघा.

हे रामसे कोण? बापाचं कराचीत रेडिओचं दुकान. फाळणीत मुंबईला आले. १९७० साली ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ नावाचा पिक्चर काढला, तो आपटला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा घालून चोरी करायला येतो, तेवढ्या सीनला पब्लिक जागं होतंय हे पोरांनी हेरलं. म्हणाले, मग सगळा पिक्चर त्याचाच काढू. सात भाऊ. एकानं लिहायचं, एकानं कॅमेरा, एकानं आवाज, एकानं कापाकापी, दोघांनी डायरेक्शन. ‘दो गज’ला सगळं बिऱ्हाड घेऊन महाबळेश्वरला गेले. सेट नाही, स्टुडिओचं भाडं नाही. सरकारी विश्रामगृहातच मुक्काम आणि तिथंच शूटिंग. घरच्या बायांनी स्वयंपाक केला.

हे वाचलं तेव्हा मला आमची टोळी आठवली. होल्डमध्ये उतरलेली माणसं अशीच असतात. कुणी गोणी लावतो, कुणी स्लिंग अडकवतो, कुणी वर बघून हात हलवतो. मधे साहेब नसला की काम लवकर होतं. रामसेंनी साहेब मधून काढला. म्हणून मला ते आवडतात.

आता दोष. दोष नाहीत असं मी म्हणणार नाही, आंधळा नाही मी. तीच हवेली, तीच वीज, तेच कुत्र्याचं रडणं. निळा उजेड, लाल उजेड आणि मधे धूर. भूत आलं की दरवाजा करकरतो, तेल घालायला गड्याला वेळ नाही. मधेच विनोदी डाकू येतो, कारण नऊ वर्षांपूर्वी ‘शोले’ चालला होता. मधेच बाई आंघोळ करते, कथेचा आणि पाण्याचा काही संबंध नाही. आणि रबर! सामरीच्या मानेपाशी रबर सुटलेलं दिसतं. माझी चुलत बहीण ते पहिल्यांदा बघून ओरडली होती, ए, बघ, त्याचा गळा उसवलाय! त्यानंतर सामरी आला की आम्ही दोघं त्याच्या गळ्याकडंच बघायचो. भीती अर्धी व्हायची आणि मजा दुप्पट.

मग एवढं भिकार असून माणूस जातो कशाला?

मी बापाला विचारलं. बाप फार बोलत नाही. म्हणाला, “घामाघूम झालेला ठाकूर त्याच पिक्चरात बघायला मिळायचा.”

दोस्तहो, बापानं एका वाक्यात समीक्षा संपवली. बाकीच्या पिक्चरात हवेलीवाला खुर्चीत आणि आपण दारात. इथं हवेलीवाला रात्रभर दिवा लावून बसतो. कारण आजा-पणज्यानं केलेलं काहीतरी तळघरात जिवंत आहे. ‘पुराना मंदिर’मध्ये राजा सामरीचं मुंडकं उडवतो. धड देवळाच्या मागं पुरतो आणि मुंडकं पेटीत कोंडतो. पेटी कुठं, तर हवेलीतच. दोनशे वर्षं हवेली त्या पेटीला घाबरून जगते. गाव माणसाला कसं तोडतं, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. पडद्यावर तोडलेला माणूस उठतो म्हटल्यावर खालच्या वर्गातल्या शिट्ट्या कुणासाठी होत्या? मला वाटतं, थोड्या त्याच्यासाठीही होत्या.

पण इथंच रामसे आपल्याला फसवतात.

उठलेला माणूस कसा दाखवलाय बघा. काळा, दांडगा, दात बाहेर, वस्तीबाहेर राहणारा, बायकांवर टपलेला. गावकुसाच्या आत ज्या गोष्टी सांगून आपल्याला बाहेर ठेवलं, त्याच गोष्टींचा हा मुखवटा. सामरीचं काम केलं अनिरुद्ध अग्रवाल यांनी. पिक्चरात नाव अजय अग्रवाल. रुरकीला शिकलेला इंजिनिअर माणूस, आजारामुळं चेहरा आणि अंग तसं वाढलेलं. त्या चेहऱ्याला कुणी प्रेम करायचं काम दिलं नाही. पुढं १९९४ साली ‘बँडिट क्वीन’मध्ये हाच माणूस रबराशिवाय आला, फूलनवर बलात्कार करणारा डाकू बाबू गुज्जर म्हणून. त्या पिक्चरात धूर नाही, निळा उजेड नाही. भर दिवसा, साध्या कपड्यातले ठाकूर गावाच्या चौकात काय करतात ते बघितलं आणि मला सामरी कुत्र्याच्या पिल्लासारखा वाटला.

दुसरी फसवणूक बाईची. ‘वीराना’त चेटकिणीला ठाकूर फाशी देतात, आणि आपण खुर्चीत बसून म्हणतो, बरं झालं. सातपुड्यात आदिवासी बाईला डाकीण ठरवून मारतात तेव्हा मारणारेही असंच म्हणतात. तिसरी फसवणूक त्रिशुळाची. दोन तास ठाकुराचा घाम काढायचा आणि शेवटी देवळाच्या जोरावर हवेली त्याची त्याला परत द्यायची. शिट्ट्या आपल्या, हवेली त्यांची.

आता जे सांगायला आलो ते सांगतो.

‘पुराना मंदिर’मध्ये सामरीचा शाप काय आहे आठवा. त्या घराण्यातली बाई बाळंतपणात मरेल. चुलत बहिणीला आम्ही सगळे अक्काच म्हणायचो. २०१५ साली ती सासरी बाळंत झाली. घरातच. दुसऱ्या दिवशी तिला झटके आले. डोळे फिरले, दातखीळ बसली. सासरची माणसं म्हणाली, बाधा. बाबा आणला. त्यानं लिंबू कापलं, अंगारा लावला, तिच्या उशाशी त्रिशूळ रोवला. दीड दिवस. आम्ही मुंबईहून पोचलो तेव्हा ती गेलेली होती. बावीस वर्षांची.

मी नंतर विचारत फिरलो. डॉक्टरनं सांगितलं, बीपी वाढून येतात असे झटके. मॅग्नेशियम सल्फेट म्हणून इंजेक्शन असतं. महाग नाही. बीपी मोजायचं यंत्र, एक इंजेक्शन, एक गाडी. एवढंच. जादूटोणाविरोधी कायदा तेव्हा दोन वर्षांचा झाला होता. त्या कायद्यासाठी झगडणारे दाभोलकर २०१३ सालीच पुण्यात गोळ्या घालून मारले गेले होते. कायदा होता. अक्काच्या उशाशी मात्र त्रिशूळ होता.

अक्काला पिक्चरनं मारलं असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं सोपं आहे आणि खोटं आहे. तिला मारलं दवाखान्याच्या अंतरानं आणि बाबावरच्या विश्वासानं. पण त्या घरातला एक जण मला म्हणाला, “अगदी सामरीच्या पिक्चरातल्यासारखं झालं होतं तिचं तोंड.” ते ऐकून मी गार पडलो. ज्या पोरीनं त्याचा उसवलेला गळा सगळ्यात आधी ओळखला, तिच्याच अंगावर लोकांनी तो मुखवटा चढवला. आणि गळ्याकडं बघणारं तिथं कुणी नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. पिक्चर बंद करा असं मी म्हणणार नाही. रात्रपाळीत होल्डमधला दिवा गेला, वर साखळी वाजली, की पोटात जो गोळा येतो त्याला घाबरायची आपल्याला परवानगी नसते, खाडा पडतो. म्हणून आपण तिकीट काढून खोट्या भुताला घाबरतो. घाबरा. हसा. शिट्ट्या मारा. पण घरी जाऊन आईला, वहिनीला सांगा की ते रबर आहे. बाळंतिणीला झटका आला तर बाबाच्या नाही, गाडीच्या मागं पळा.

आणि तुमच्यातल्या ज्या पोरांच्या खिशात मोबाईल आहे, त्यांनी रामसेंसारखं सात जणांनी मिळून पिक्चर काढा. साहेब मधे नको. त्यात शेवटी त्रिशूळ नको. पेटी उघडा आणि आतलं मुंडकं काय बोलतंय ते एकदा ऐकू द्या.

मी बघायला येईन. खालच्या वर्गात बसेन. अक्काची जागा शेजारी रिकामी ठेवेन.

जयभीम.