हजार रात्री गोष्ट सांगणारी

(महासंघाच्या पुण्यातल्या वाचन मेळाव्यात आपल्या क्षेत्र समन्वयकांनी केलेलं भाषण. जागेअभावी थोडं कमी केलं आहे.)



पत्रिकेत माझ्या नावापुढं ‘माझे आवडते पुस्तक’ असं छापलंय. माझं आवडतं पुस्तक तसं एकच आहे, पण त्याचे खंड सोळा आहेत. घाबरू नका. चार वाजता वेल्ह्याकडच्या ताईंना निघायचंय हे मला ठाऊक आहे. आणि सोळा खंड मी स्वतःही अजून संपवलेले नाहीत, सध्या दहावा चालू आहे. स्वारगेटहून तुमच्याकडं बैठकीला येता-जाता एसटीत वाचते. मागं एकदा मी दोन गावं पुढं जाऊन उतरले आणि बैठकीला तासभर उशीर झाला, तेव्हा ‘गाडी बंद पडली’ म्हणाले होते. गाडी काही बंद पडली नव्हती.

पुस्तकाचं नाव ‘अरेबियन नाइट्स’. मराठीत आणलंय गौरी देशपांडे यांनी. अल्लाउद्दीनचा दिवा, अलीबाबाची गुहा, सिंदबादची सफर हे तुम्ही मुलांच्या पुस्तकात नाहीतर टीव्हीवर पाहिलं असेल. मलाही तेवढंच माहीत होतं. मला वाटायचं, या लहान पोरांच्या गोष्टी. पण या सगळ्या गोष्टी मुळात एक बाई सांगतेय, आणि का सांगतेय, हे मला समाजकार्याचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

तर ऐका. शहरयार नावाचा एक राजा. बायकोनं फसवलं म्हणून तिला मारतो, आणि मग ठरवतो की सगळ्याच बायका तशा. रोज एका मुलीशी लग्न करायचं आणि सकाळी तिला मारायचं. अशी तीन वर्षं जातात. लोक आपापल्या मुली घेऊन शहर सोडून पळतात. शेवटी वजिराला मुलगीच मिळेना. त्या वजिराला स्वतःच्या दोन मुली, थोरली शहरजाद आणि धाकटी दुनियाजाद. थोरली भरपूर वाचलेली, तिच्याकडं हजार पुस्तकं होती म्हणतात. ती बापाला म्हणते, माझं लग्न लावून द्या राजाशी. बाप समजावतो, रागावतो, ती ऐकत नाही.

आणि जाताना ती धाकटीला सांगून ठेवते : मी तुला बोलावून घेईन. तू यायचं आणि म्हणायचं, ताई, रात्र सरत नाही, एखादी गोष्ट सांग ना. ती गोष्ट सुरू करते आणि पहाट व्हायला नेमकी अर्ध्यावर थांबते. राजाला पुढचं ऐकायचं असतं, म्हणून त्या दिवशी तो तिला मारत नाही. अशा एक हजार एक रात्री.

आपल्याकडं ‘शुकबहात्तरी’ आहे. त्यात नवरा परगावी गेलेला असतो आणि बाईनं रात्री घराबाहेर पडू नये म्हणून पोपट तिला रोज गोष्ट सांगतो. म्हणजे तिथं गोष्ट बाईला आत ठेवायला. इथं बाईच गोष्ट सांगते, जीव वाचवायला. हा फरक माझ्या लक्षात आला तेव्हा मी चालत्या एसटीत एकटीच हसले होते.

आता आपल्या मुळशीकडच्या एका गटात काय झालं ते सांगते. नावं सांगणार नाही, त्या ताई इथंच बसल्यात. बचत गोळा झाली, कर्जाची वसुली झाली, इतिवृत्तावर सह्या झाल्या आणि पाऊस लागला. कुणाला जाता येईना. मी पिशवीतून पहिला खंड काढला आणि पहिलीच गोष्ट वाचली. एक व्यापारी खजूर खाऊन बिया फेकतो. एक बी एका जिनाच्या न दिसणाऱ्या पोराला लागते आणि ते मरतं. जिन म्हणतो, आता तुझा जीव घेणार. तिथं तीन म्हातारे येतात. पहिला म्हणतो, माझी गोष्ट ऐक, आवडली तर याच्या रक्ताचा तिसरा हिस्सा मला सोड. मग दुसरा तसंच म्हणतो, मग तिसरा. सचिवताई लगेच म्हणाल्या, “म्हणजे तीन हप्त्यांत फेडलं की!” मी इतक्या वेळा वाचलं होतं, पण मला हे सुचलं नव्हतं.

मग विषय निघाला शहरजादचा. एकजण म्हणाली, “एवढी शिकलेली होती, तर पळून का नाही गेली?” दुसरी म्हणाली, “बाप वजीर होता, त्यानं काय केलं तीन वर्षं?” बरीच चर्चा झाली. आणि मग एक मावशी बोलल्या. त्या त्या गटात दोन वर्षं आहेत आणि बैठकीत ‘हजर’ याखेरीज काही बोललेल्या मी ऐकल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “ही पळाली असती तर सकाळी दुसरीची पोर मेली असती. तिला ते माहीत होतं.”

सगळ्या गप्प झाल्या. पुस्तकात हे आहे, बरं का. ती बापाला तेच सांगते की एकतर मी वाचेन, नाहीतर बाकीच्या मुलींसाठी मरेन. पण मी ते भराभर वाचून पुढं गेले होते.

इथं मला एक गोष्ट स्पष्ट सांगायचीय, कारण मी गावोगाव फिरते आणि काय काय ऐकते ते मला माहीत आहे. शेवटी राजा सुधारतो, तिला तीन मुलगे होतात, ती राणी राहते. यावरून कुणी असा अर्थ काढू नका की गोड बोलून, सांभाळून घेऊन मारणारा नवरा सुधारतो. ती गोष्ट आहे. आपल्याकडं २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, १८१ हा महिलांचा हेल्पलाइन नंबर आहे, आणि गटातल्या बाकीच्या बायका आहेत. त्या मावशींशी माझं याबाबत पूर्ण एकमत झालेलं नाही. शहरजादला दुसरा रस्ताच नव्हता असं त्या म्हणतात. मला अजूनही वाटतं, त्या शहरातल्या तीन वर्षांतल्या बाकी लोकांनी काहीतरी करायला हवं होतं. आमचं भांडण चालू आहे. दुनियाजादवर मात्र आमचं एकमत आहे. “ताई, गोष्ट सांग” म्हणणारी ती बहीण रात्री तिथं नसती, तर गोष्ट सुरूच झाली नसती.

आता थोडं हलकं. अलीबाबाची गोष्ट पुन्हा वाचा, मोठेपणी. गुहेतलं सोनं घरी आणल्यावर ते मोजायचं कशात? अलीबाबाची बायको जावेकडं माप मागायला जाते. जाऊ म्हणते, यांच्या घरी मापायला धान्य कुठनं आलं? आणि मापाच्या बुडाला मेण आणि चरबी लावून देते. माप परत येतं, बुडाला सोन्याचं नाणं चिकटलेलं. सगळा पुढचा घोटाळा तिथून. हे ज्यानं रचलं त्यानं शेजारपाजार नीट बघितलेला होता. मग तिचा नवरा, कासिम, गुहेत शिरतो आणि बाहेर पडायचा शब्द विसरतो. तीळ आठवत नाही, दुसऱ्या धान्यांची नावं घेत बसतो. आमच्या गटात यावर इतकं हसू झालं की शेजारचे भाऊ बघायला आले. आणि चाळीस चोरांचा निकाल लावते कोण? अलीबाबा नाही. त्याच्या घरातली दासी, मार्जाना. दारावर खडूची खूण दिसली तर ती गल्लीतल्या बाकीच्या दारांवरही तशीच खूण करते. एवढी हुशारी, आणि गोष्टीचं नाव मात्र अलीबाबा.

गंमत म्हणजे अलीबाबा आणि अल्लाउद्दीन या गोष्टी जुन्या अरबी हस्तलिखितांत नव्हत्याच. १७०९ साली पॅरिसमध्ये गालाँ नावाच्या फ्रेंच भाषांतरकाराला हन्ना दियाब नावाच्या, सीरियातल्या हलब शहरातून आलेल्या तरुणानं त्या तोंडी सांगितल्या. श्रावणातल्या कहाण्या तुम्ही जशा आजीच्या तोंडून ऐकल्या तसंच हे.

मला सगळ्यात आवडते ती तवद्दुदची गोष्ट. तिच्या मालकानं सगळा पैसा उडवलेला. ती म्हणते, मला खलिफाकडं ने आणि दहा हजार दिनार माग. खलिफा मोठमोठे पंडित बोलावतो. धर्म, कायदा, वैद्यक, ग्रहतारे, बुद्धिबळ, जो जो हरतो त्याचा झगा ती उतरवून घेते. शेवटी खलिफा म्हणतो, माग काय हवं ते. आणि ती मागते काय? परत त्या उधळ्या मालकाकडं जायचं! मला तिथं पुस्तक बंद करावंसं वाटलं. पण झगे उतरवण्याची पानं मी तीनदा वाचलीत.

जे खटकतं तेही सांगते. यातल्या बऱ्याच गोष्टींत बायका कपटी दाखवल्यात, काळ्या गुलामांबद्दल घाणेरडं लिहिलंय. आणि काही भाग अगदी उघडा-वाघडा आहे. मी एका गटात आधी न वाचता एक गोष्ट मोठ्यानं वाचायला घेतली. दुसऱ्या पानावर माझा आवाज बसला. एक आजी म्हणाल्या, “वाच की पोरी, आम्ही काय आज जन्मलोय?” त्यांची हरकत नव्हती, पण दारात पोरं उभी होती. तेव्हा आधी स्वतः वाचा, मग ठरवा. मुलांना जादूचं काही हवं असेल तर हॅरी पॉटर मराठीत मिळतं, ते त्यांना द्या. हे तुमच्यासाठी ठेवा.

भाषांतर करणाऱ्या गौरीताईंबद्दल दोन शब्द. त्या १९४२ साली पुण्यात जन्मल्या. कर्वे रोड, कर्वेनगर ही नावं ज्यांच्यावरून पडली त्या महर्षी कर्व्यांच्या त्या नात, आणि ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावतीबाईंची मुलगी. इंग्रजी शिकवायच्या, स्वतः कथा-कादंबऱ्या लिहायच्या. बर्टन नावाच्या इंग्रज माणसानं १८८५ पासून काढलेल्या खंडांवरून त्यांनी सत्तरच्या दशकात हे मराठी केलं. पुढं त्या फलटण तालुक्यातल्या विंचुर्णी गावात राहिल्या, त्यावर त्यांचं ‘विंचुर्णीचे धडे’ नावाचं पुस्तक आहे. याच गोष्टी त्याआधी, १८६१ पासून, पुण्याच्याच कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणल्या होत्या. ती भाषा भारदस्त आहे. ज्यांना पोथी वाचायची सवय आहे त्यांना ती सोपी जाईल, मला जरा जड गेली.

मिळवायचं कसं, हे तुम्ही विचारणारच. सोळा खंड विकत घ्यायची कुणाचीच ऐपत नाही, माझीही नाही, मी शहरातल्या वाचनालयातून आणते. गावात सरकारी अनुदानाचं वाचनालय असेल, अगदी ‘ड’ वर्गाचं असलं तरी, ते दरवर्षी पुस्तकं खरेदी करतं. कुणी मागणी केली नाही की ग्रंथपाल आपल्या मनानं घेतात. ग्रामसंघाच्या बैठकीत ठराव करा, अध्यक्ष-सचिवांच्या सहीनं पत्र द्या. दोन खंड आले तरी पुष्कळ. आणि तिथं सभासद व्हा, स्वतःच्या नावानं, मुलाच्या नावानं नाही.

वेळ कुठं आहे, हेही मला माहीत आहे. भोरकडच्या एका ताईंनी पहिला खंड नेला तो डाळीच्या डब्यामागं ठेवायच्या, सासूबाई बोलतील म्हणून. एक दिवस सासूबाईंना तो सापडला. त्यांना वाचता येत नाही. “काय आहे यात?” म्हणाल्या. ताईंनी घाबरत घाबरत व्यापाऱ्याची आणि जिनाची गोष्ट सांगितली, भाकरी थापता थापता. अर्धी झाली आणि गाईला पाणी दाखवायची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी चूल पेटायच्या आधी सासूबाई स्वयंपाकघरात येऊन बसल्या.

तो खंड अजून माझ्याकडं परत आलेला नाही. ताई, तुम्ही तिसऱ्या रांगेत बसल्यात, मला दिसताय. सासूबाईंचं ऐकून झालं की पुढच्या सोमवारी बैठकीला घेऊन या. वेल्ह्याच्या गटानं नंबर लावलाय, आणि वाचनालयाचा दंड माझ्या पगारातून जातोय.