निखाऱ्यावरची परदेशी फेणी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. चारचौघींत उभे राहून बोलण्याची ही माझी पहिलीच वेळ. तेव्हा काही चुकले-माकले तर पदरात घ्या.

माझी थोरली मुलगी व्हिएतनाममध्ये नोकरीस आहे, हे आपणांपैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. २०२३ साली ती निघाली तेव्हा मी कडाडून विरोध केला. "परका मुलूख, तिथे खाशील काय?" असे दहादा बोलून दाखविले. ती गेली, आणि मी वर्षभर तिच्याशी धड बोलले नाही. फोन आला की तिच्या वडिलांच्या हाती देई. पुढल्या वर्षी तिने तिकिटे पाठविली, म्हणून यजमानांच्या आग्रहाखातर गेले. जाताना मेतकूट, भाजणी आणि फेण्यांचा डबा घ्यायला मात्र विसरले नाही.

ती राहते होचिमिन्ह शहरात. तिच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई संध्याकाळी बुटक्या स्टुलावर बसून कोळशाच्या शेगडीवर 'बान्ह त्रांग नुओंग' भाजते. दालात नावाचे सुमारे १,५०० मीटर उंचीवरचे थंड हवेचे गाव या पदार्थासाठी प्रसिद्ध आहे. नुओंग म्हणजे निखाऱ्यावर भाजलेले, आणि बान्ह त्रांग म्हणजे तांदळाचा कागदासारखा पातळ पापड. तो कसा करतात ते ऐका. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर फडके ताणून बांधायचे, त्यावर तांदळाचे सरसरीत पीठ पसरून वाफवायचे, आणि अलगद उचलून बांबूच्या तट्ट्यावर उन्हात वाळवायचे. म्हणजे आपल्या फेणीची बहीणच की!

त्या बाईने पहिला पापड माझ्या हाती दिला, पैसे घेईना. मग माझ्या मुलीचा दंड दोन बोटांत धरून, ही किती वाळली आहे, असे मला खुणेने दाखविले, आणि तिला चांगले दरडावले. भाषा कळली नाही, पण अर्थ कळला. वर्षभर जे मी बोलायचे, ते ही परकी बाई रोज बोलत होती. मी मान खाली घालून खाऊ लागले.

आता कृती सांगते. हे कोरडे पापड मोठ्या शहरांतील दुकानांत मिळतात. पापड भिजवायचा नाही. पातीचा कांदा बारीक चिरून त्यावर गरम तेल ओतावे. तिथे लाव्ह्याचे अंडे घालतात. आपण कोंबडीचे एक अंडे मीठ घालून फेटावे, ते दोन पापडांना पुरते. निखारे मंद, राख धरलेले हवेत. जाळीवर पापड ठेवून लगेच अंडे आणि कांदा घालावा व चमच्याच्या पाठीने कडेपर्यंत पसरावा. उशीर केल्यास पापड वेडावाकडा होतो. त्यावर जवळ्यासारखी सुकी कोळंबी भाजून भुरभुरावी. चिमट्याने पापड सारखा फिरवीत राहावे. दोन-तीन मिनिटांत अंडे धरते व खालून बारीक फोड येतात. मग मिरचीचा सॉस घालून अर्धा दुमडावा. खाणाऱ्याने शेगडीपाशीच बसावे, कारण निवला की वातड होतो. अंडे न खाणाऱ्यांनी किसलेले चीज घालावे. ते वितळून धरून ठेवते. शेगडी नसल्यास गॅसवर जाळी ठेवून, आच अगदी बारीक करून जमते. माझे पहिले तीन कोळसा झाले. आपल्या फेणीवरही करून पाहिले. पण फेणी लहान आणि जाड, अंडे ओघळून निखाऱ्यात गेले.

हे सारे मी मुलीला फोनवर विचारून विचारून शिकले. आता फोन आला की मीच घेते. "आई, आच कमी कर," असे ती मला सांगते, आणि मी ऐकते.

भगिनींनो, आपल्या मुली आता दूर जाणार. "तिथे खाशील काय?" असे दरडावण्यापेक्षा "ते कसे करतात ग?" असे विचारून पाहा. मी वर्ष घालविले. आपण घालवू नका.

मागल्या पडवीत शेगडी पेटविली आहे. आपण सर्वांनी चव घ्यावी, एवढी विनंती करून माझे दोन शब्द संपविते.