घाटात काटा वर गेला तर झाकणाला हात नको

मे महिना आहे, कसारा घाटात बॉनेट उघडून उभ्या गाड्या दिसायला लागल्यात. म्हणून आज इंजिनाचं कूलिंग.

पेट्रोल जळतं, पण त्यातला मोठा भाग नुसती उष्णता होतो. पंप कूलंट इंजिनातून फिरवतो, रेडिएटरमध्ये ते वाऱ्यावर गार होतं आणि परत आत जातं. वाटेत थर्मोस्टॅट. त्यात चक्क मेण असतं! साधारण 85-90 अंशांना ते वितळून फुगतं आणि झडप उघडते. ना सेन्सर, ना कोड. मला तर हेवाच वाटतो.

पण खरा खेळ झाकणाचा. प्रेशर कुकरच समजा ना. झाकण आत साधारण 1 बार जादा दाब धरून ठेवतं, त्यामुळे साधं पाणीसुद्धा 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं. आता गरम असतानाच झाकण फिरवलंत, तर दाब क्षणात जातो आणि 110 अंशांवरचं पाणी उसळून थेट तोंडावर येतं. दरवर्षी लोक असेच भाजतात.

मग करायचं काय? काटा चढायला लागला की एसी बंद, हीटर फुल. हो, मे महिन्यातच! हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, इंजिनाची उष्णता केबिनमध्ये ओढतो. तरी काटा लाल पट्ट्यात गेला, तर गाडी कडेला घ्या, इंजिन बंद. वरून गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. अर्धा-पाऊण तास थांबा. झाकण हाताला गार लागलं, की जाड फडकं धरून हळूहळू उघडा, मग कूलंट भरा.