माल गेला, पैसे यायचेत

कारखाना चालवणाऱ्या माणसाची सर्वांत अवघड वेळ कोणती, असं विचारलं तर बहुतेक जण म्हणतील, तोटा होतो ती. मी इचलकरंजीचा, यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेला. माझं उत्तर थोडं वेगळं आहे. मागांना काम असतं, वहीत येणं दिसत असतं, आणि तरीही आठवड्याचा पगार वाटायला गल्ल्यात पैसे नसतात, ती वेळ सर्वांत अवघड.

१९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आमच्या गावात पहिला यंत्रमाग सुरू केला. पुढे तो घरोघरी गेला. आज आमच्याकडे मालकांच्या दोन तऱ्हा आहेत. एक स्वतः सूत घेऊन कापड विणून विकणारा. दुसरा खर्चीवाला. याला व्यापारी सूत देतो, हा कापड विणून देतो आणि पिकावर मजुरी घेतो. पीक म्हणजे कापडाच्या एका इंचात बसणारे आडवे धागे. मजुरीचा भाव पैशांत ठरतो, रुपयांत नव्हे. सूत भडकलं की पहिल्याचं कंबरडं मोडतं, सूत आलं नाही की दुसऱ्याचे माग थांबतात. दुखणं मात्र दोघांचं एकच. कापड आज जातं, पैसे साठ-नव्वद दिवसांनी येतात. इकडे पगार दर आठवड्याला, विजेचं बिल दर महिन्याला, बँकेचा हप्ता ठरल्या तारखेला. कांडीवाली, जॉबर, वहिफणीवाला, घडीवाला, कोणाचंही पोट नव्वद दिवस थांबत नाही.

बी.ए. झाल्यावर काही वर्षं मी एका कारखान्यात दिवाणजी होतो. कवितेवर चूल पेटत नाही, हे वेगळं सांगायला नको. मालकांना सगळे आबा म्हणत. चोवीस माग होते. पगाराच्या आदल्या संध्याकाळी आबा व्यापाऱ्याच्या पेढीवर जाऊन बसायचे. व्यापारी चहा पाजायचा, मुलाबाळांची चौकशी करायचा आणि पैशांचा विषय निघाला की ‘उद्या बघू’ म्हणायचा. आबांनी आवाज चढवलेला मी पाहिला नाही. पुढची बिमं त्याच्याकडूनच यायची असत. परत आले की म्हणायचे, “दिवाणजी, उद्याची यादी करा.” पैसे कुठून येणार, ते सांगायचे नाहीत. एकदा काकींच्या हातातल्या पाटल्या दिसेनाशा झाल्या, तेव्हा मला उमगलं. हे कोणाजवळ बोलायचीही सोय नाही. अडचणीचा बोभाटा झाला की उधार देणारा पहिल्यांदा हात आखडतो.

कबीर विणकर होते, हे आम्ही कवी मंडळी मोठ्या अभिमानानं सांगतो. चोवीस मागांचा पगार डोक्यावर असता तर त्यांना किती दोहे सुचले असते, कोण जाणे!

एका आठवड्यात मात्र सगळे दरवाजे बंद झाले. आबांनी पगाराच्या दोन दिवस आधी माग थांबवले आणि सगळ्यांना बोलावून सांगितलं, कांड्या भरणाऱ्या बायकांना पूर्ण पगार, बाकीच्यांना निम्मा, उरलेला अमुक तारखेला. कुरकुर झालीच. मग एक जुना जॉबर म्हणाला, “मालक, हे मागच्या खेपेलाच आधी सांगितलं असतं, तर मी किराणा दुकानदाराला खोटी तारीख दिली नसती.” आबा गप्प झाले. त्यानंतर ते नेहमी आधी सांगत. यात मालकाचा मोठेपणा आहे, असं मी म्हणणार नाही. कामगारानं थांबवून घेतलेला पगार हीही उधारीच, आणि तिला व्याज नाही. २०१३ साली मजुरीसाठी आमच्या गावात कामगारांचा मोठा संप झाला, तोही विसरता येत नाही.

कायदा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार नोंदणी केलेल्या लहान उद्योजकाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद लागू झाली. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च करपात्र उत्पन्नातून वजा होत नाही. कागदावर झकास. पण तक्रार करायची कोणाविरुद्ध? ज्याच्या सुतावर आपले माग चालतात, त्याच्याविरुद्ध! तक्रार निवारण परिषदेत अर्ज करणारा मालक दुसऱ्या दिवशी बिमं कुठून आणणार, याचं उत्तर कायद्यात नाही.

आबा आता थकलेत. कारखाना मुलगा बघतो. त्यानं तीन व्यापारी धरलेत, एकाच्याच भरवशावर राहायचं नाही म्हणून. प्रत्येक बिलावर तो ४५ दिवसांची अट छापतो. नव्वद दिवसांपुढचा चेक गेल्या वर्षी त्यानं परत केला, तेव्हा चौथा व्यापारी सोडून गेला. तेव्हापासून आठ माग उभे आहेत. सोळा मागांचा पगार दर आठवड्याला वेळेवर होतो. उभ्या मागांना तो महिन्यातून एकदा तेल घालतो. भंगारवाला दोनदा डोकावून गेलाय. दर अजून कोणी काढलेला नाही.